चाळीस मिनिटें

मासिकांतून लिहिणाऱ्या एकट्या माणसानें स्वतःस 'आम्ही' म्हणावें, ही चाल कांहीं आम्हीं पाडलेली नव्हे. आमच्या आधींच्या पिढ्यांनीं ती पाडली. त्यांचीं उपरणीं आम्हीं टाकून दिलीं, पण हा शब्द टाकला नाहीं, इतकेंच. वर्गांतील मुलांना या 'आम्ही'चें फार हसूं येतें. "सर, लिहितां तुम्ही एकटेच, मग हे बाकीचे कोण?" असा प्रश्न एका धीट मुलीनें मागें एकदां आम्हांस विचारला होता, आणि आम्हीं शिक्षकाला शोभेल असें कांहींतरी निरर्थक बोलून घंटेची वाट पाहिली होती. गेल्या श्रावणांत त्या प्रश्नाचें थोडेंबहुत उत्तर आम्हांस मिळालें. परंतु तें ज्या वाटेनें मिळालें ती वाट वाचकांपैकीं कोणाच्याहि वांट्यास येऊं नये.

सकाळचे साडेसात होऊन गेले असतील. चेंबूर स्टेशनापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या आमच्या जुन्या इमारतींत, दुसऱ्या मजल्यावरील गॅलरींत, उजव्या हातांत चहाचा कप घेऊन आम्ही बसलों होतों. पाऊस नुकताच पडून गेला होता. समोरच्या गुलमोहराच्या फांद्यांत गुंतलेले केबलच्या काळ्या तारांचे झुबके ठिबकत होते, आणि वाऱ्याबरोबर कारखान्यांचा तो ओळखीचा वास येत होता, ज्याविषयीं तक्रार करणें हें चेंबूरकरांचें खरें गोत्र आहे. इतक्यांत तो कप कलंडूं लागला. मौजेची गोष्ट अशी कीं, आम्हीं तो सांवरण्याचा यत्नच केला नाहीं. चहा वर्तमानपत्रावर सांडला, तेथून धोतरावर न येतां (धोतर आम्ही नेसत नाहीं) पायजम्यावर आला, आणि आम्ही हें सर्व शेजारच्या गॅलरींत घडत असावें अशा कुतूहलानें पाहत राहिलों. दुखत कांहींच नव्हतें. भयहि वाटलें नाहीं. फक्त मांडीवर पडलेला तो हात कोणाचा, हा एक लहानसा प्रश्न मनांत आला.

"अहो, काय सांडलं?" आंतून आवाज आला.

'चहा' म्हणावयाचें होतें. तोंडांतून 'छत्री' असा शब्द बाहेर पडला. तो चुकीचा आहे हें आम्हांस स्पष्ट ऐकूं आलें. पुन्हां जुळवाजुळव केली, आणि पुन्हां 'छत्री'च म्हणालों. सौभाग्यवती हसत बाहेर आल्या. "पाऊस थांबलाय, छत्री कशाला?" असें म्हणतां म्हणतां त्यांची दृष्टि आमच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली आणि हसूं मावळलें. "दोन्ही हात वर करा बघूं," त्या म्हणाल्या. डावा वर गेला. उजव्यानें ऐकलें नाहीं. त्यांनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें, सात पस्तीस अशी वेळ मोठ्यानें उच्चारली, आणि पायांत चपला सरकवल्या. एवढी तत्परता आमच्या अंगीं असती तर आम्ही आज प्राचार्य असतों.

रिक्षांत बसल्यावर आम्हांस भीतीनें गांठलें. छातींत धडधड नव्हती कीं देवाचें स्मरण नव्हतें. भीति होती ती निराळीच. तीस वर्षें आम्हीं इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरलें आहे. शब्द हेंच आमचें भांडवल. ज्या माणसाला 'चहा' म्हणतां येत नाहीं, त्याच्या वर्गांत कोण बसणार? शेक्सपिअरच्या नाटकांतील एखादें भाषण आठवून पाहूं म्हटलें, तर तेथें नुसतें धुकें. मग कशी कोण जाणे, जिभेवर औटकी आली. साडेतीनचा तो पाढा आमच्या आजोबांनीं आम्हांस लहानपणीं संध्याकाळच्या वेळीं घोकवून घेतला होता. शाळेंत तो तेव्हांहि कोणी विचारीत नसे. 'एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा' असें आम्ही स्वच्छ म्हणूं लागलों, आणि 'दाहे औट पस्तीस'पर्यंत एकहि अडखळण न घेतां जाऊन पोंचलों. सौभाग्यवती आमच्याकडे पाहतच राहिल्या. रिक्षावाल्यानेंहि आरशांतून पाहिलें.

रुग्णालयाच्या पायऱ्या चढतांना उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या चालूं लागल्या. दाराशीं एकानें नांव विचारलें, तें आम्हांस सांगतां आलें. घड्याळांत सवाआठ झाले होते. सारें प्रकरण चाळीस मिनिटांचें.

काय झालें तें डॉक्टरांनीं आम्हांस चित्र काढून समजावून दिलें. मानेंतून वर चढणाऱ्या डाव्या रोहिणींतून रक्ताची एक बारीक गुठळी सुटली, मेंदूच्या डाव्या बाजूकडील एका फांटींत जाऊन अडकली, आणि आपली आपणच विरघळली. ती विरघळली नसती तर? मोठी वाहिनी तुंबली असतां दर मिनिटाला सुमारें एकोणीस लक्ष पेशी मरतात, असा एका अमेरिकन वैद्यानें २००६ सालीं हिशेब मांडला आहे. चाळीस मिनिटांचा गुणाकार वाचकांनींच करावा; आम्हांस तो करवत नाहीं.

या अवयवाची घरांतील वागणूक एखाद्या मानाच्या जांवयासारखी आहे. वजन पाहूं गेल्यास तेराशें-चौदाशें ग्रॅम, म्हणजे सबंध शरीराचा फार तर पन्नासावा हिस्सा. खाण्याच्या बाबतींत मात्र शरीराच्या एकंदर खर्चाचा पांचवा हिस्सा हा एकटा उचलतो. आणि साठा करून ठेवण्याची संवय त्याला मुळींच नाहीं. मुंबईंत टांकी नसलेल्या इमारतींतील बिऱ्हाडकरू जसा नळाला पाणी असेल तोंवरच राजा, तसा हा रक्त वाहतें आहे तोंवरच शहाणा. धार तुटली कीं कांहीं सेकंदांत शहाणपण संपतें. आंत पेशी किती, याचा जुना ठोकळ आंकडा शंभर अब्ज असा पुस्तकांतून चालत आला होता. ब्राझीलमधील संशोधकांनीं २००९ सालीं त्या प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हां तो शहाऐंशी अब्जांच्या आसपास निघाला. त्यांतहि चमत्कार असा कीं, यांपैकीं चार-पंचमांश पेशी पाठीमागच्या त्या मुठीएवढ्या लहान मेंदूंत दाटीवाटीनें राहतात. ज्यानें आपला तोल सांवरायचा, सुईंत दोरा ओवायचा, त्याच्याकडे माणसें अधिक. आणि ज्यानें काव्यशास्त्रविनोद करायचा त्या मोठ्या मेंदूकडे कमी. हें आम्हांस योग्यच वाटतें.

डाव्या बाजूला गुठळी आणि उजवा हात लुळा, हें कसें? मेंदूच्या देठाशीं, जेथून पाठीच्या कण्यांतील रज्जु सुरू होतो तेथें, हालचालीचे बहुतेक तंतु एकमेकांस ओलांडून पलीकडे जातात. या अदलाबदलीचें कारण विचारतां डॉक्टर हसले. त्या तंतूंतून निरोप मात्र झपाट्यानें जातात. सर्वांत चपळ ते सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धांवतात. ठणक्याची मंद कळ वाहून नेणारे बारीक तंतु सेकंदाला मीटर-दीड मीटर एवढीच मजल मारतात, आणि म्हणूनच उंबऱ्याला अंगठा ठेंचला असतां 'लागलें' हें आधीं कळतें व खरी कळ मागाहून, पाहुण्यासारखी, सावकाश येते. हा वेग मोजतां येणार नाहीं, असें योहानेस म्यूलरसारख्या मोठ्या पंडितानें म्हणून ठेवलें होतें. त्याच्याच शिष्यानें, हेल्महोल्ट्झनें, १८५० च्या सुमारास बेडकाच्या तंगडीवर तो मोजून दाखविला. असे शिष्य मिळणें हें गुरूचें भाग्य कीं दुर्भाग्य, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

तपासतांना डॉक्टरांनीं आमच्यापुढें एक बोट धरलें आणि मान न हलवितां नुसत्या डोळ्यांनीं त्याचा पाठलाग करण्यास सांगितलें. इतकीं यंत्रें असतां हें पोरखेळासारखें बोट कशाला, असें आम्हांस वाटलें. पण या बोटाचा मुंबईंत मोठा इतिहास आहे. जे. जे. रुग्णालयांत मज्जाविकारांचा विभाग ज्यांनीं नांवारूपास आणला ते डॉ. नोशीर वाडिया (ते २०१६ सालीं वारले) यांच्याकडे चालतांना झोकांड्या खाणारे कांहीं रोगी येत. झोकांड्यांचे रोग वैद्यांना नवे नव्हते. परंतु या रोग्यांची दृष्टि एका वस्तूवरून दुसरीवर झटकन् उडी मारीत नाहीं, बैलगाडीच्या गतीनें सरकते, हें वाडियांनीं पाहिलें. अशीं एक नव्हे, नऊ कुटुंबें त्यांनीं व त्यांचे सहकारी स्वामी यांनीं तपासलीं, आणि १९७१ सालीं 'ब्रेन' नांवाच्या विलायती नियतकालिकांत हा पिढीजात चालणारा एक नवा विकार म्हणून मांडला. पंचवीस वर्षांनीं, १९९६ सालीं, अशा विकाराचें बीज बाराव्या गुणसूत्रावर सांपडलें. मुंबईच्या सरकारी दवाखान्यांतील त्या गर्दींत एखाद्याचे डोळे किती हळूं फिरतात हें पाहायला लागणारी सवड कोठून काढली असेल, याचें आम्हांस आजहि नवल वाटतें. आमच्या डोळ्यांची गति ठीक होती. गोळ्या लिहून देऊन, दोन दिवस ठेवून, आम्हांस घरीं पाठविण्यांत आलें.

इथेंच हें प्रकरण संपलें असतें. परंतु घरीं आल्यावर पहिल्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, आणि याचें कारण ती गुठळी नव्हती.

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असूं. ते ट्रॉम्बेच्या एका कारखान्यांत हिशेबनीस होते. अक्षर मोत्यासारखें, वाण्याच्या यादीखालींहि सही अशी करीत, कीं ती कापून चौकटींत बसवावी. १९८९ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग गेलें आणि वाचा गेली. त्या वेळीं गुठळी विरघळविण्याचें आजचें औषध या रोगासाठीं नव्हतें. त्याची खात्री पटविणारा अमेरिकेंतील प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां होतें तें अंथरूण, तेलाची वाटी आणि नातलगांचे सल्ले. पारव्याचें रक्त चोळा, असें एका काकांनीं सांगितलें. आईनें त्यांना चहाहि विचारला नाहीं. अण्णा तीन वर्षें जगले. या तीन वर्षांत त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघत: 'असूं दे'. भूक लागली कीं 'असूं दे', पाय दुखला कीं 'असूं दे', आम्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याचें सांगितलें तेव्हांहि 'असूं दे'. स्वर तेवढा निरनिराळा असे.

असा एक रोगी पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या रुग्णालयांत होता. त्याचें नांव लबॉर्न, पण सर्वजण त्याला 'ताँ' म्हणत, कारण कांहींहि विचारलें तरी तो 'ताँ ताँ' एवढेंच म्हणे. फार चिडला तर मात्र एक अस्सल शिवी स्पष्ट हासडी. एकवीस वर्षें त्यानें तेथें काढलीं. १८६१ च्या एप्रिलांत तो वारला, पॉल ब्रोका नांवाच्या शस्त्रवैद्यानें त्याचा मेंदू उघडून पाहिला, आणि डाव्या बाजूस, कपाळामागें थोडें खालीं, त्याला एक जुनी जखम सांपडली. बोलणें मेंदूच्या अमुक एका जागीं राहतें, या शोधाचा आरंभ हा. तो मेंदू पॅरिसमध्यें जपून ठेवलेला आहे. पुढें तेरा वर्षांनीं वेर्निकेनें दुसरी जागा दाखविली. ती बिघडली तर माणूस भराभर बोलतो, पण बोलण्यांत अर्थ नसतो आणि दुसऱ्याचें बोलणें त्याला उमगत नाहीं. पहिल्या जातीच्या रोग्याला बोलतां येत नाहीं, परंतु समजतें बरेंच. आणि दोहोंतहि पाठ केलेलें, घोकलेलें, गाइलेलें पुष्कळदां शाबूत राहतें, कारण त्याची वहिवाट कांहींशी वेगळी असावी असें मानतात. म्हणूनच आमची औटकी शाबूत राहिली. आणि म्हणूनच संध्याकाळीं आई दिवा लावून आरती म्हणूं लागली कीं अण्णा तिच्याबरोबर सबंध आरती शब्दन् शब्द म्हणत. आम्हांस त्याचा आनंद होत नसे, राग येई. आरती म्हणतां येते, मग 'पाणी' म्हणायला काय होतें, असें आम्हांस वाटे. आमचें वय वीस होतें, हें खरें. पण वीस हें कांहीं अगदींच अजाण वय नव्हे.

आम्हीं त्यांना पाटी आणून दिली. बोलतां येत नसेल तर डाव्या हातानें लिहा, असा आमचा सरळ हिशेब. ज्या जखमेनें बोलणें बंद होतें तिनें बहुधा लिहिणेंहि बंद होतें, कारण शब्दच गेलेले असतात, हात नव्हे. हें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. त्यांनीं पाटीवर चार वेड्यावांकड्या रेघा ओढल्या, त्यांकडे पाहिलें, आणि पेन्सिल भिंतीवर फेंकली. मोत्यासारख्या अक्षराच्या माणसापुढें आपण काय ठेवलें, हें आम्हांस कळायला पस्तीस वर्षें आणि चाळीस मिनिटें लागलीं.

दुसरी एक गोष्ट सांगावयाची आहे. त्यांच्या उजव्या हाताला हालचाल नव्हती तशी संवेदनाहि जवळजवळ नव्हती. हिंवाळ्यांत एका रात्रीं हात गार लागतो म्हणून आम्हीं रबरी पिशवींत गरम पाणी भरून तो हात तिच्यावर ठेवला आणि अभ्यासाला बसलों. सकाळीं पाहतों तों तळहातावर केवढा तरी फोड. त्यांनीं आमच्याकडे पाहून 'असूं दे' म्हटलें. वेदना ही शत्रु नसून पहारेकरी आहे, हें ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांना चेंबूरहून लांब जावयास नको. वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयापर्यंत गेलें कीं पुरे. महारोग हा कातडीचा रोग असें लोक समजतात. वस्तुतः तो बाहेरच्या मज्जातंतूंचा रोग आहे. कोपराला कोठें आपटलें असतां करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती ज्या तंतूची, तोच तंतु यांत पुष्कळदां सुजतो आणि बधिर होतो; मग चुलीचा चटका कळत नाहीं, खिळा रुतल्याचें कळत नाहीं, आणि बोटें झडतात तीं रोगानें नव्हे, न कळलेल्या जखमांनीं. हें रुग्णालय १८९० सालीं म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या खटपटीनें निघालें. गंमत अशी कीं, आमची या गृहस्थांशीं पहिली ओळख झाली ती ग्रंथालयांत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे जमा करणारे व पुढें १८९४ सालीं त्यांतील कांहींचें इंग्रजी पद्यांत भाषांतर छापणारे ते हेच. ज्या साहेबाला पोवाड्यांतली रग ऐकूं आली, त्यालाच रस्त्यावरच्या बधिर हातांची दखल घ्यावीशी वाटली, हें आम्ही मुलांना आवर्जून सांगतों. त्या वेळीं मात्र घरांतल्या एका बधिर हाताची दखल आम्हांस घेतां आली नाहीं.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें लिहितों. राजापूर तालुक्यांत आमची थोडी जमीन होती, तीस-पस्तीस हापूसचीं कलमें असलेली. अण्णांनीं ती नोकरींतल्या पगारांतून, थोडी थोडी करून, भाऊबंदांकडून सोडवून घेतली होती. आजारपणाचा खर्च वाढला तेव्हां ती विकावी असें ठरूं लागलें. हें ठरत होतें अण्णांच्या खाटेशेजारीं, कारण बाहेरची खोली एकच. काका, थोरले बंधु आणि आम्ही. अण्णांना आतां कांहीं समजत नाहीं, त्यांची बुद्धि गेली, असें त्यांच्यासमोरच बोललें जाई, आणि तें खोटें आहे असें म्हणण्याचें कोणालाहि सुचलें नाहीं. १९९० च्या उन्हाळ्यांत मुखत्यारपत्र आलें. काकांनीं मोठ्यानें विचारलें, "दादा, जमीन काढून टाकूं ना?" अण्णा म्हणाले, "असूं दे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलें. अशा रोगांत कारणावांचून रडूं येतें, तें मनावर घेऊं नका, असें आम्हांस डॉक्टरांनीं आधींच सांगितलेलें होतें. आणि तें असत्य नाहीं, तसें होतें खरें. आम्हीं त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा शाईंत बुडवून कागदावर उठविला. सही करणाऱ्या हाताचा तो नव्हताच.

'असूं दे' याचा अर्थ त्या दिवशीं काय होता? जमीन असूं दे, असाहि तो होतो. विकायची तर विका, असाहि होतो. आणि आमच्या 'छत्री'ला जेवढा अर्थ होता तेवढाच असण्याचाहि संभव आहे. गॅलरींत बसून आम्ही 'छत्री' म्हणालों तेव्हां आंत आम्ही पूर्णपणें जागे होतों, चहा हा चहाच होता, फक्त दाराची कडी बाहेरून लागलेली होती. अण्णांचें तसें होतें काय? त्यांची जखम आमच्याहून कितीतरी मोठी. आमच्या चाळीस मिनिटांवरून त्यांचीं तीन वर्षें मापणें हें शास्त्र नव्हे. आमच्या डॉक्टरांनाहि आम्हीं हें विचारलें. त्यांनीं इतकेंच म्हटलें कीं, अशा रोग्यांपैकीं पुष्कळांना नुसत्या मान हलविण्यानें, चित्रांवर बोट ठेवण्यानें, 'होय-नाहीं' सांगतां येतें. मात्र विचारणाऱ्यानें तोच प्रश्न उलटा करून पुन्हां विचारला पाहिजे. आम्हीं एकदांच विचारला होता, आणि आम्हांस हवें तें उत्तर मिळतांच थांबलों होतों.

मेंदूचे दोन अर्ध भाग सुमारें वीस कोटी तंतूंच्या एका जाड पट्ट्यानें बांधलेले असतात. आंकडीचा रोग आवरेनासा झाला तर पूर्वीं हा पट्टा कापीत. अशा माणसांवर रॉजर स्पेरी (यांना १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें) आणि त्यांचे शिष्य गॅझनिगा यांनीं जे प्रयोग केले त्यांतील एक असा. बोलणाऱ्या डाव्या अर्धाला कोंबडीचा पंजा दाखविला, आणि मुक्या उजव्या अर्धाला बर्फानें झांकलेलें घर. मग पुढें चित्रें मांडून त्यांशीं जुळणारीं उचलण्यास सांगितलें. उजव्या हातानें कोंबडी दाखविली. डाव्या हातानें बर्फ उपसण्याचें फावडें दाखविलें. फावडें कशाला, असें विचारतां बोलणाऱ्या अर्धानें, ज्यानें बर्फ पाहिलेंच नव्हतें त्यानें, क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें कीं, कोंबड्यांचें खुराडें साफ करायला फावडें नको काय? तो खोटें बोलत नव्हता. त्याला तसेंच वाटत होतें. ज्याला बोलतां येतें तो, ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें, असे खुलासे अगदीं प्रामाणिकपणें देत असतो. आमच्या बाहेरच्या खोलींत १९९० सालीं बोलतां येणारे आम्ही तिघे होतों.

त्या धीट मुलीच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच. लिहितांना ते बाकीचे कोण, हें आम्हांस नक्की सांगतां येत नाहीं. पण ते असतात, आणि त्यांतले सगळेच बोलत नाहींत. आपला प्रत्येक निर्णय आंतल्या सर्वांच्या संमतीचा असतो अशा रुबाबांत आम्ही तीस वर्षें 'आम्ही' म्हणत आलों, तो रुबाब आतां राहिला नाहीं. संवय मात्र राहिली आहे.

जमीन आतां दुसऱ्यांची आहे. दोन वर्षांपूर्वीं गांवीं जाण्याचा योग आला तेव्हां कलमें मोठीं, डेरेदार झालेलीं दिसलीं. नव्या मालकांनीं कुंपण चांगलें घातलें आहे. थोरले बंधु हयात नाहींत, काकाहि नाहींत. त्या कागदाची छायाप्रत आमच्या कपाटांत आहे, तीवरील अंगठ्याचा ठसा फार स्वच्छ उठलेला आहे.

आम्ही गोळ्या वेळेवर घेतों. संध्याकाळीं डायमंड गार्डनला चार फेऱ्या मारतों. आणि सकाळीं चहाच्या आधीं गॅलरींत बसून हलक्या आवाजांत एकदां औटकी म्हणतों. औटकी येते म्हणून बाकीचें सर्व ठीक असेल असें नव्हे, हें आम्हांस आतां पक्कें ठाऊक आहे, तरी म्हणतों. सौभाग्यवती आंत कामांत असतात आणि ऐकत नाहींत, अशी आमची समजूत होती. काल 'सात औट' म्हणून आम्ही थांबलों, खालीं रस्त्यावर कोणी ओळखीचें दिसलें म्हणून. आंतला भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

"साडेचोवीस," आम्हीं घाईनें म्हटलें.